रोमन लेखकांवर किती विश्वास ठेवायचा?

जुनी_वही

प्राचीन रोमबद्दल सध्या नेटवर दोन टोकं दिसतात आणि मला दोन्हींचा मनापासून त्रास होतो, म्हणून हा धागा काढतोय. एक टोक रील्सवाल्यांचं. त्यांच्या मते टॅसिटस, लिव्ही हे इतिहासकार, व्हर्जिल हा कवी, वगैरे सगळं मध्ययुगात पाद्र्यांनी मठात बसून रचलं. दुसरं टोक म्हणजे सम्राट कॅलिगुलाने घोड्याला कॉन्सल (रोममधलं सर्वोच्च पद) केलं, रोम जळत असताना सम्राट नीरो फिडल वाजवत होता, जिंकून पाडलेल्या कार्थेज शहराच्या जमिनीत रोमनांनी मीठ पेरलं, हे सगळं डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगणारे.

आता मुळात काय लिहिलंय ते बघा. घोड्याची गोष्ट सम्राटांची चरित्रं लिहिणाऱ्या सुएटोनियसने लिहिली आहे, घोड्याला संगमरवरी तबेला, हस्तिदंती गव्हाण, जांभळी झूल, गळ्यात रत्नं, हे सगळं आहे, पण कॉन्सलपदाबद्दल तो एवढंच म्हणतो की "असा त्याचा बेत होता असं सांगतात". नंतरचा इतिहासकार डिओ कॅसियस म्हणतो, जास्त जगला असता तर केलंही असतं. म्हणजे केलं असं दोघांपैकी कुणीच म्हणत नाही! नीरोच्या काळात फिडल हे वाद्यच नव्हतं. सुएटोनियसच्या म्हणण्याप्रमाणे तो मिसिनसच्या मनोऱ्यावरून आग बघत ट्रॉयच्या नाशाचं गाणं म्हणत होता, डिओच्या म्हणण्याप्रमाणे राजवाड्याच्या छपरावरून, आणि टॅसिटस म्हणतो की आग लागली तेव्हा नीरो अँटियमला होता, परत येऊन त्याने बेघर लोकांसाठी स्वतःच्या बागा उघडल्या, गाण्याची मात्र अफवा पसरली. आग अपघाताने लागली की नीरोच्या कारस्थानाने, यावरही टॅसिटस सरळ सांगतो की नक्की नाही, दोन्ही प्रकारे लिहिणारे आहेत. आणि कार्थेजच्या मिठाचा तर एकाही प्राचीन लेखकात उल्लेख नाही, ते अलीकडच्या काळात कुठेतरी चिकटलंय. १९८६ मध्ये रिडली नावाच्या अभ्यासकाने हे दाखवून दिलं, तरी ते अजून फिरतंय.

म्हणजे ज्या गोष्टींसाठी आपण रोमन लेखकांना थापाडे म्हणतो त्यातल्या बऱ्याच त्यांनी लिहिलेल्याच नाहीत, आपण त्यांच्या तोंडी घातल्यात.

पण म्हणून ते लिहितात ते सगळं खरं असंही नाही. मला सगळ्यात आवडणारा पुरावा सांगतो. इ.स. ४८ मध्ये सम्राट क्लॉडियसने सिनेटमध्ये भाषण केलं, की गॉलमधल्या (साधारण आजचा फ्रान्स) प्रतिष्ठित लोकांना सिनेटमध्ये घ्यावं. टॅसिटसने हे भाषण आपल्या ॲनल्स या ग्रंथात दिलंय, अगदी घोटीव, रोम मोठं झालं ते परक्यांना आपलं करून घेतल्यामुळे, असा मुद्दा. आता गंमत अशी की १५२८ मध्ये फ्रान्सात लियों शहरात त्याच भाषणाचा काशाचा पत्रा सापडला. म्हणजे सम्राट खरोखर काय बोलला आणि इतिहासकाराने काय लिहिलं, दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतं. पत्र्यावरचा क्लॉडियस भरकटतो, जुन्या राजांच्या वंशावळीत शिरतो, सर्व्हियस टुलियस राजा एट्रुस्कन (रोमच्या उत्तरेचे जुने लोक) परंपरेप्रमाणे मस्टार्ना नावाचा माणूस होता असं सांगत बसतो, एका मेलेल्या शत्रूला नाव न घेता लुटारू आणि आखाड्यातला राक्षस म्हणतो, आणि मध्येच स्वतःलाच बजावतो की टायबेरियस सीझर, आता तुझं भाषण कुठे चाललंय ते सिनेटला सांगायची वेळ आली. टॅसिटसने हे सगळं काढून टाकलंय. मुद्दा तोच ठेवलाय, शब्द आणि मांडणी पूर्ण स्वतःची.

यावरून माझं मत असं झालंय की काय घडलं, कोणी काय ठरवलं, हे चांगले रोमन लेखक बऱ्यापैकी नीट सांगतात. भाषण, मनातले हेतू, मरतानाचे उद्गार, सैन्याचे आकडे इथे लेखकाचा हात चालतो. त्यामुळे अमुक लेखक खरा की खोटा हा प्रश्नच मला पटत नाही, एकेक वाक्य उचलून बघायला लागतं. तुम्हाला काय वाटतं?

---

पावशेर

धागा मस्त. एक खरीच शंका आहे, वाद घालायचा नाहीये. टॅसिटसची हस्तलिखितं नवव्या आणि अकराव्या शतकातली आहेत ना? म्हणजे तो मेल्यावर सात-आठशे, नऊशे वर्षांनी केलेल्या कॉप्या. त्यातही ॲनल्सची पहिली सहा पुस्तकं एकाच हस्तलिखितातून आलीत असं वाचलं. मग रीलवाला जर म्हणाला की मधल्या काळात कुणीतरी रचलं तर त्याला उत्तर काय द्यायचं? "विद्वान मानतात" हे उत्तर मला स्वतःला पुरत नाही.

---

निळा_खंड्या

@पावशेर, प्रश्न रास्त आहे आणि नवा अजिबात नाही. जाँ हार्दुएँ नावाचा फ्रेंच जेझुइट (१६४६ ते १७२९) हेच म्हणायचा. तेराव्या शतकातल्या पाद्र्यांच्या टोळीने जवळपास सगळं प्राचीन साहित्य बनवलं, होमर, हेरोडोटस, सिसेरो, थोरला प्लिनी, व्हर्जिल आणि होरेसचं थोडंसं तेवढं खरं. माणूस स्वतः मोठा विद्वान होता बरं का, प्लिनीची त्याने काढलेली आवृत्ती नावाजलेली होती. आजच्या रीलवाल्याने त्याचं नावही ऐकलेलं नसतं, पण मुद्दा तोच.

फक्त हार्दुएँच्या काळात जमिनीखालून असं लिखाण फारसं बाहेर आलं नव्हतं. आता आलंय. इंग्लंडच्या उत्तरेला व्हिंडोलांडा नावाचं रोमन लष्करी ठाणं आहे, तिथे १९७३ पासून चिखलात टिकलेल्या लाकडाच्या पातळ पट्ट्या सापडतात, शाईने लिहिलेल्या, साधारण इ.स. १०० च्या आसपासच्या. वाढदिवसाचं आमंत्रण, मोजे पाठवल्याची चिठ्ठी, रसदीचे हिशोब. त्यातल्या एका पट्टीवर व्हर्जिलच्या महाकाव्याच्या नवव्या सर्गातली ओळ आहे, भेदरलेल्या शहरातून पंखवाली अफवा उडत जाते ती. कुठल्या तरी पोराने गिरवलेली दिसते, आणि त्यापुढे वेगळ्या हातात दोन-तीन अक्षरं आहेत ती मास्तरांचा "आळशीपणा" असा शेरा असावा असं काही जण मानतात. हे चिखलात गाडलं गेलं तेव्हा ते तेराव्या शतकातले पाद्री कुठे होते?

पाँपेईच्या भिंतींवर तर त्याच काव्याची सुरुवात लोकांनी ठिकठिकाणी कोरून ठेवलीय. एकाने विडंबन केलंय, "मी धोब्यांचं आणि घुबडाचं गाणं गातो, शस्त्रांचं आणि वीराचं नाही". इ.स. ७९ ला राखेखाली गेलेलं शहर. विडंबन करायला मूळ सगळ्यांना पाठ असावं लागतं.

पाँपेईसोबतच गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियमच्या बंगल्यात १७५० च्या दशकात कोळसा झालेल्या गुंडाळ्या सापडल्या, शेकड्यांनी. उघडायला गेलं की चुरा. आता सीटी स्कॅन आणि एआयने न उघडता वाचायला लागलेत, २०२३ मध्ये पहिला पूर्ण शब्द वाचला गेला, जांभळा या अर्थाचा ग्रीक शब्द, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तीन तरुण पोरांना मोठं बक्षीस मिळालं. सात-आठशे वर्षांची फट आहे हे मान्य, पण फटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा मजकूर जुळतो हे अशा ठिकाणी तपासता येतं.

---

पावशेर

हे पटलं, धन्यवाद. पण हे व्हर्जिलबद्दल झालं, तो कवी. व्हर्जिल होता म्हणून टॅसिटस खरं बोलतो हे सिद्ध होत नाही ना.

---

जुनी_वही

नाही होत. ग्रंथ अस्सल असणं वेगळं आणि त्यात लिहिलेलं खरं असणं वेगळं. टॅसिटसबद्दल मात्र एक जबरदस्त पडताळा हाती आहे.

इ.स. १९ मध्ये सम्राट टायबेरियसचा दत्तक मुलगा जर्मॅनिकस सीरियात मेला, विषप्रयोगाचा संशय गव्हर्नर पिसोवर, दुसऱ्या वर्षी रोममध्ये सिनेटपुढे खटला, पिसोने आत्महत्या केली. टॅसिटसने हे सगळं फार रंगवून लिहिलंय आणि अनेक वर्षं लोक म्हणायचे की नाटकी आहे. मग १९८० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण स्पेनमध्ये या खटल्यावरचा सिनेटचा ठराव कोरलेले काशाचे पत्रे सापडले, १९९६ मध्ये छापून आले. ठरावाच्या शेवटी हुकूम की हे प्रांतांच्या मोठ्या शहरांत आणि सैन्याच्या छावण्यांत लावा.

घटना बहुतेक सगळ्या जुळतात. पिसोची बायको प्लान्सिना सुटली कशी? टॅसिटस म्हणतो लिव्हियाने, म्हणजे सम्राटाच्या आईने, वशिला लावला. इतकं टोचून लिहिलंय की वाचणाऱ्याला वाटावं याने मुद्दाम म्हातारीला झोडलंय. आणि सरकारी ठरावात तेच उघड लिहिलंय, की लिव्हियाने विनंती केली, तिचे राष्ट्रावर एवढे उपकार, म्हणून प्लान्सिनाला सोडतोय! सरकार ज्याला कौतुकाने सांगतंय तेच टॅसिटस लाज म्हणून सांगतोय. फॅक्ट एकच.

एक गोष्ट जुळत नाही ती पण सांगतो. ठरावावर तारीख आहे १० डिसेंबर, इ.स. २०. टॅसिटसच्या सांगण्याचा क्रम बघितला तर खटला मे महिन्याच्या आधीच आटोपल्यासारखा वाटतो. यावर अजून भांडणं चालू आहेत.

---

मृगनक्षत्र

लिव्हियाचा विषय निघालाच आहे तर मला बोलायचंच आहे. रोमन इतिहासातल्या बायका म्हणजे विष घालणारी लिव्हिया, वासनेने पेटलेली मेसालिना, पोराला गादीवर बसवण्यासाठी नवऱ्याला मशरूममधून मारणारी ॲग्रिपिना. हे लिहिणारे सगळे पुरुष, त्यातले बरेचसे सिनेटमधले किंवा सिनेटच्या माणसांत उठबस असलेले, सत्ता हातातून गेल्याचं दुःख असलेले. घरातल्या बाईच्या शब्दाला सिनेटपेक्षा वजन आलं हेच त्यांचं खरं दुखणं. त्यामुळे जुनी_वही जे म्हणतायत की घटना खरी आणि हेतू लेखकाचा, ते इथे सगळ्यात जास्त लागू पडतं. लिव्हियाने शब्द टाकला ही घटना. ती कपटी होती हे टॅसिटसचं मत.

आणि ज्या गोष्टीची मला फार हळहळ वाटते ती ही की नीरोची आई ॲग्रिपिना, तिने स्वतःच्या आणि घराण्याच्या आठवणी लिहिल्या होत्या. टॅसिटसनेच चौथ्या पुस्तकात लिहिलंय की अमुक प्रसंग इतर इतिहासकारांनी दिला नाही, मला तो ॲग्रिपिनाच्या आठवणींत सापडला. म्हणजे त्याच्या टेबलावर ते होतं! थोरल्या प्लिनीनेही वाचलं होतं. आज त्यातलं एक पानही नाही. तिच्याबद्दल शंभर पानं लिहिलेली आपण वाचतो आणि तिने लिहिलेलं गेलं.

त्यामुळे विश्वास ठेवायचा की नाही याच्याआधी कोणाचं टिकलं आणि कोणाचं नाही हे बघावं असं मला वाटतं. लिव्हीची १४२ पुस्तकं होती, ३५ राहिली. जे राहिलं ते कुणीतरी कॉपी करावंसं वाटलं म्हणून राहिलं.

---

कातळखोदू

+१ मृगनक्षत्र ताई.

मी खडकांचा माणूस, लॅटिन येत नाही, पण पाँपेई गाडणाऱ्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीबद्दल सांगू शकतो. धाकट्या प्लिनीने टॅसिटसला दोन पत्रं लिहिली, उद्रेकाला पंचवीसेक वर्षं होऊन गेल्यावर. टॅसिटसने विचारलं होतं की तुझे मामा (थोरला प्लिनी, आरमाराचा प्रमुख) कसे गेले ते कळव. त्यात वर्णन आहे की ढग पाइनच्या झाडासारखा, उंच खोड आणि वर फांद्या पसरलेल्या, कधी पांढरा कधी डागाळलेला. मग समुद्र मागे ओढला गेला, मासे वाळूवर पडले. मग दुसऱ्या दिवशी काळा ढग, आत आगीचे लोळ, तो खाली उतरला आणि समुद्रावर पसरला, कॅप्री बेट दिसेनासं झालं.

शेवटचं जे आहे ना, ढग खाली उतरून समुद्रावरून पसरतो, हे लोकांना बराच काळ नीट समजलं नाही, ज्वालामुखी म्हटलं की लाव्हा असंच डोक्यात. १९०२ मध्ये मार्टिनिक बेटावर पेले पर्वताने सेंट पिएर शहर काही मिनिटांत संपवलं तेव्हा तापलेल्या राखेचा आणि वायूचा लोट जमिनीलगत धावतो हे जगाला दिसलं. १९८० ला अमेरिकेत सेंट हेलेन्स झाला आणि त्यानंतर सिगर्डसन वगैरे मंडळींनी पाँपेईचे राखेचे थर आणि प्लिनीची पत्रं शेजारी ठेवून वाचली. थर आणि पत्र जुळतात. आधी प्युमिसचा (हलका, सच्छिद्र दगड) पाऊस, मग लोट. आज अशा उद्रेकाला आमच्या शास्त्रात प्लिनियन म्हणतात ते यावरूनच. सतरा वर्षांचा मुलगा, काय बघतोय हे त्याला कळत नाहीये, त्यामुळे सिद्धांत बनवत नाही, दिसतं तसं सांगतो. आणि एवढं सगळं चालू असताना आपण लिव्ही वाचून टिपणं काढत होतो असंही लिहितो.

पण तारीख बघा! पत्राच्या सगळ्यात चांगल्या मानल्या गेलेल्या हस्तलिखितात २४ ऑगस्ट येते, शाळेपासून आपण तीच ऐकतो. पाँपेईत मात्र डाळिंबं, शेगड्या असं शरद ऋतूचं सामान बरंच सापडतं, डिओ कॅसियस पण शरद म्हणतो, आणि २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबरची तारीख मिळाली. वर्ष लिहिलेलं नाही, त्यामुळे आदल्या वर्षीचं असू शकतं असं म्हणणारे आहेत. माझा कल ऑक्टोबरकडे आहे. म्हणजे प्लिनी बरोबर आणि कॉपी करणारा चुकला असं होऊ शकतं, रोमन आकड्यांत आणि महिन्यांच्या नावांत कॉपी करताना घोळ व्हायला कितीसा वेळ लागतो.

---

रणहलगी

हेतू सोडा, आकडे बोला. गॉल जिंकणारा ज्युलियस सीझर म्हणतो हेल्वेटी आणि त्यांच्या सोबतच्या जमातींचे मिळून ३,६८,००० लोक निघाले होते, छावणीत ग्रीक अक्षरांतल्या याद्या सापडल्या त्यावरून, आणि घरी परतले १,१०,०००. अलेसियाला वेढा फोडायला आलेलं गॉलचं सैन्य अडीच लाख पायदळ. राइनजवळ ज्यांना कापलं ते ४,३०,०००. त्या काळात एवढ्या माणसांना एका ठिकाणी खायला कोण घालणार? बैलगाड्यांच्या रांगेचाच हिशोब मांडून बघा. जर्मन इतिहासकार डेलब्रुकने शंभरेक वर्षांपूर्वीच हे आकडे उडवून लावलेत. सीझर निवडणुकीच्या राजकारणातला माणूस, दरवर्षी रोमला आपला अहवाल पाठवतोय, त्याला आकडे फुगवण्यात फायदाच.

टॅसिटस तरी काय, ब्रिटनमधली बंडखोर राणी बुडिका, तिच्या लढाईत ८०,००० ब्रिटन मेले आणि रोमन फक्त ४००. असं होतं का कुठे?

---

निळा_खंड्या

आकड्यांबद्दल पूर्ण सहमत. पण त्याच सीझरची दुसरी बाजू बघा. अलेसियाला (इ.स.पू. ५२) त्याने वेढ्याच्या तटबंदीचं बारीक वर्णन केलंय. आतली रांग, बाहेरची रांग, खंदक, खड्डे करून त्यात अणकुचीदार खुंट, सैनिक त्या खड्ड्यांना लिली म्हणायचे. तिसऱ्या नेपोलियनने १८६१ ते १८६५ मध्ये तिथे खणून घेतलं तर खंदक सापडले. १९९० च्या दशकात फ्रेंच आणि जर्मन लोकांनी एकत्र पुन्हा खणलं, तर चित्र असं आलं की सापळे, खंदक सगळं खरंच होतं, पण सीझर लिहितो तसं सगळीकडे एकसारखं नव्हतं, जागेप्रमाणे बदलत गेलेलं. त्याने ड्रॉइंगबोर्डवरचा नमुना लिहिलाय.

आणि त्या ४,३०,००० वाल्या कत्तलीबद्दल रोममध्येच सिनेटर केटोने मागणी केली होती की करार मोडला म्हणून सीझरला जर्मनांच्या ताब्यात द्या. आकडा खोटा असेल, कत्तल खोटी नाही. सीझर ती लपवत नाही, तिचा अभिमान बाळगतो. हे वाचताना मला दरवेळी अस्वस्थ व्हायला होतं.

---

तेरणाकाठ

नमस्कार मंडळी, मी धाराशिव जिल्ह्यातला, तेरच्या जवळचा. आमच्या गावाचा विषय कुणीच काढला नाही म्हणून लिहितो.

रोमन काळात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लाल समुद्र ते भारत या प्रवासाची माहितीपुस्तिका लिहिली, पेरिप्लस. लेखकाचं नाव माहीत नाही, पहिल्या शतकातली. भाषा ग्रीक आहे पण रोमन साम्राज्याच्या व्यापाराचंच लिखाण. त्यात बारीगाझा म्हणजे भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर. पैठणहून गोमेदासारखे दगड जातात, तगरहून साधं कापड आणि मलमल. हे तगर म्हणजे आमचं तेर, हे फ्लीटने १९०१ मध्ये मांडलं, त्याआधी लोक तगर भलतीकडेच शोधत होते. नंतर तेरला उत्खननं झाली, हस्तिदंती बाहुली मिळाली, पाँपेईत १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचं नातं लगेच दिसतं. भोकरदनलाही तशी मिळालीय. लामतुरे संग्रहालय आहे आमच्याकडे, कधी या.

या व्यापाऱ्यावर माझा विश्वास आहे त्याचं कारण सांगतो. भडोचच्या खाडीचं वर्णन वाचा. भरती एवढ्या जोरात येते की नांगर तुटतात, खाडीचं तोंड सापडत नाही, म्हणून राजाचे कोळी मोठ्या होड्या घेऊन पुढे येतात आणि जहाजं ओढून आत नेतात, त्या होड्यांच्या प्रकारांची नावं सुद्धा देतो. खंबातच्या आखातातली भरती आजही तशीच आहे, हे बसून रचता येत नाही. कल्याणबद्दल लिहितो की आधी तिथे रीतसर व्यापार चालायचा, आता ग्रीक जहाज चुकून गेलं तर पहाऱ्यात भडोचला पाठवतात. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या भांडणाचं हे थेट वर्णन आहे. पण तोच माणूस गंगेच्या पलीकडचं लिहायला लागतो तेव्हा चपट्या चेहऱ्याची, बुटकी माणसं वगैरे ऐकीव सुरू होतं. एकाच पुस्तकात पाहिलेलं आणि ऐकलेलं, वाचताना हाताला लागतं.

आता प्लिनी. थोरला. तो लिहितो भारत दरवर्षी रोमचे ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो आणि तिथला माल इथे शंभरपट भावाने विकला जातो. याला विद्वान म्हणायचे की म्हातारा बायकांच्या मोत्यांवर आणि रेशमावर चिडलाय, आकडा हवेतला. मग व्हिएन्नातल्या एका पपायरसचं वाचन १९८५ मध्ये छापून आलं. केरळच्या मुझिरिसहून आलेल्या हर्मापोलोन जहाजाच्या मालाचा हिशोब, जटामांसी, हस्तिदंत वगैरे. किंमत जवळजवळ ७० लाख सेस्टर्स! एका जहाजाची! आणि भूगोलकार स्ट्रेबो म्हणतो वर्षाला १२० जहाजं भारताकडे जातात. म्हणजे अशी सात जहाजं झाली की प्लिनीचे ५ कोटी जवळपास भरले. त्याला फेकू म्हणणाऱ्यांनी हे बघावं.

---

रणहलगी

@तेरणाकाठ, फार छान माहिती, पण या हिशोबात एक अडचण आहे. पपायरसमधली किंमत ही माल इजिप्तमध्ये पोचल्यावर २५ टक्के जकात लावण्यासाठी धरलेली किंमत आहे. प्लिनी बोलतोय ते भारतात किती पैसा गेला त्याबद्दल. इथे स्वस्तात घेतलेला माल तिकडे कितीतरी जास्त किमतीचा होतो, हे तो स्वतःच सांगतोय. त्यामुळे ७० लाख गुणिले जहाजं हे त्याच्या आकड्याशी थेट लावता येत नाही. शिवाय पपायरस दुसऱ्या शतकाच्या मधला, प्लिनी ७९ मध्ये मेला, आणि स्ट्रेबो त्याच्याही आधीचा. तीन वेगळे काळ.

---

तेरणाकाठ

बरोबर आहे तुमचं, थेट गुणाकार नाही करता येत. पण माझं म्हणणं एवढंच की व्यापाराचा आवाका कोटींचा होता हे पपायरसने दाखवलं. आकडा बरोबर की नाही माहीत नाही, पण अशक्य नाही. पूर्वी तो अशक्य म्हणून सोडून देत होते. आणि हाच प्लिनी सातव्या पुस्तकात भारतात कुत्र्याच्या तोंडाची माणसं आणि एका पायाची, त्या पायाची सावली करून झोपणारी माणसं आहेत असंही लिहितो, पण ते कुणाच्या पुस्तकातून घेतलं त्यांची नावं देतो. व्यापाराचं मात्र तो सरकारी कामात मुरलेला माणूस म्हणून लिहितोय, त्याने प्रांतांत जमाखर्चाच्या जागांवर काम केलं होतं.

---

गोदातीर

एक प्रश्न, थोडा नाजूक आहे. आगीनंतर नीरोने ख्रिश्चनांना जाळलं हे टॅसिटस लिहितो, तो परिच्छेद नंतर कुणी घुसवला असं ऐकलं होतं. खरं काय?

---

जुनी_वही

घुसवला असं मानणारे आज फार थोडे. कारण भाषा पक्की टॅसिटसची आहे आणि ख्रिश्चनांबद्दल इतकी घाण लिहिली आहे की ख्रिश्चन कॉपी करणारा असं स्वतःबद्दल कशाला घालेल. हस्तलिखितात एका अक्षरात खाडाखोड आहे हे खरं, पण त्याने अर्थ फिरत नाही.

खरा वाद वेगळा आहे. २०१५ मध्ये ब्रेंट शॉ या इतिहासकाराने मांडलं की आगीनंतर काही लोकांना क्रूर शिक्षा झाल्या असतील, पण ख्रिश्चन म्हणून नाही, तो संबंध टॅसिटसच्या काळात, म्हणजे पन्नासेक वर्षांनी जोडला गेला. २०१७ मध्ये ख्रिस्तोफर जोन्सने उत्तर दिलं की टॅसिटसवर अविश्वास ठेवायला पुरेसं कारण नाही. मला स्वतःला जोन्सचं जास्त पटतं, टॅसिटस आशिया प्रांताचा गव्हर्नर होता, ख्रिश्चन कोण हे त्याला चांगलं ठाऊक असणार. पण शॉचा प्रश्न वाचण्यासारखा आहे.

---

मृगनक्षत्र

आणि ज्याच्यावर खरोखरच विश्वास ठेवू नये असा ग्रंथ आहे तो कुणी बोललंच नाही. हिस्टोरिया ऑगस्टा. हॅड्रियनपासून पुढच्या सम्राटांची चरित्रं, सहा लेखकांच्या नावाने. १८८९ मध्ये हर्मान डेसाऊने दाखवलं की सहा नाहीत, एकच माणूस आहे आणि तो बऱ्याच नंतरच्या काळात लिहितोय. आत पत्रं आहेत ती बनावट, ज्या लेखकांचे हवाले दिलेत त्यातले कित्येक अस्तित्वातच नव्हते. सम्राट हेलिओगाबालसने पाहुण्यांवर छतातून एवढी फुलं पाडली की काही जण गुदमरून मेले, हे इथलंच, आणि यावरच रील्स सगळ्यात जास्त.

त्यात एक जागा आहे, ऑरेलियनच्या चरित्रात. शहराचा अधिकारी लेखकाला सांगतो की तुला वाटेल ते लिही, खोटं लिहिलंस तर तुझ्या सोबतीला तेच मोठे इतिहासकार असतील ज्यांच्या शैलीचं आपण कौतुक करतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खूप राग आला होता. आता वाटतं की प्राचीन वाचकांनाही हा प्रश्न पडत होता, आपणच पहिले नाही.

---

निळा_खंड्या

आणि अगदी जुन्या, दंतकथा समजल्या जाणाऱ्या गोष्टींचंही कधीकधी काय होतं बघा. लिव्हीने सांगितलेले रोमचे राजे एकोणिसाव्या शतकात नीबुर या इतिहासकारापासून पुढे लोकांनी जवळपास काव्यात जमा केले. मग १८९९ मध्ये रोमच्या फोरममध्ये काळ्या दगडाखाली फार जुना शिलालेख सापडला त्यात राजा हा शब्द आहे. आणि जुनी_वही यांनी सांगितलेल्या क्लॉडियसच्या भाषणातला तो मस्टार्ना, जो नुसती सम्राटाची विक्षिप्त टिप्पणी वाटावा! वुल्चीच्या एट्रुस्कन थडग्यात (१८५७ ला उघडलं) भिंतीवर चित्र आहे, मक्स्त्रना (म्हणजे मस्टार्नाच) नावाचा माणूस काइले विपिनासच्या (क्लॉडियस ज्याला मस्टार्नाचा साथीदार म्हणतो तो) हातातले बंध तलवारीने तोडतोय, नावं वर लिहिलीत. क्लॉडियस ज्या एट्रुस्कन परंपरेबद्दल बोलत होता ती खरोखर होती आणि त्याच्या साडेतीनशे वर्षं आधी भिंतीवर रंगवलेली होती. रोमुलस खरा झाला असं मी अजिबात म्हणत नाही हां. लिव्ही स्वतःच प्रस्तावनेत सांगतो की शहर वसवण्याच्या आधीच्या कथा काव्यासारख्या आहेत, मी त्या खऱ्या म्हणत नाही आणि खोट्याही म्हणत नाही.

---

पावशेर

फार भारी चर्चा चाललीय. वाचायला सुरुवात कुठून करू? इंग्रजी चालेल.

---

मृगनक्षत्र

प्लिनीची ती दोन पत्रं, सहाव्या पुस्तकातलं १६ आणि २० नंबरचं. दोन्ही मिळून अर्ध्या तासात होतात. मग टॅसिटसच्या ॲनल्सचं अकरावं पुस्तक लियोंच्या पत्र्यासोबत, दोन्हींचा इंग्रजी अनुवाद नेटवर फुकट मिळतो. सुएटोनियस शेवटी घ्या, आणि "असं म्हणतात", "काहींच्या मते" असे शब्द जिथे दिसतील तिथे पेन्सिलने खूण करत चला.